राजकीय पक्षाला देणगी कोणी दिली, हे मतदाराला मतदानाआधी कळायला हवे का?

ताळेबंद

मी सातारा जिल्ह्यातील सहकारी पतसंस्थांचे लेखापरीक्षण जवळजवळ तीस वर्षे केले. पतसंस्थेचा अहवाल सभासदाच्या हाती वार्षिक सभेपूर्वी पडला पाहिजे, सभा संपल्यावर नव्हे, हा आमच्या कामातला पहिला धडा होता. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्चसुद्धा दरवर्षी फळ्यावर लागतो आणि त्यात एक्कावन्न रुपये वर्गणी देणाऱ्याचेही नाव असते. निवृत्तीनंतर वेळ मिळाला म्हणून मी राजकीय पक्षांनी निवडणूक आयोगाकडे दिलेली विवरणे वाचायला घेतली, आणि तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २९ग प्रमाणे (म्हणजे इंग्रजी क्रमाने २९सी) पक्षाने एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून अधिक देणगी देणाऱ्यांची यादी नमुना २४ए मध्ये आयोगाला द्यायची असते. तिची मुदत प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीशी बांधलेली आहे, म्हणजे सर्वसाधारणपणे वर्ष संपल्यानंतरचा ऑक्टोबर. आता साताऱ्याचा हिशेब करू. येथे लोकसभेचे मतदान ७ मे २०२४ रोजी झाले. त्या एप्रिलमध्ये एखाद्या कंपनीने एखाद्या पक्षाला पाच कोटी रुपये दिले असतील, तर ती रक्कम २०२४-२५ या वर्षात मोडते आणि तिची नोंद कायद्याने २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत सादर केली तरी चालते. म्हणजे मतदान होऊन सतरा महिने उलटल्यावर. मधल्या काळात विधानसभेचीही निवडणूक होऊन गेली.

माझा प्रश्न एवढाच आहे: प्रकटीकरणाचा हेतू मतदाराने विचारपूर्वक मत द्यावे हा असेल, तर हे वेळापत्रक त्या हेतूला धरून आहे का?

नदीकाठ

कलमाच्या नावात एक दुरुस्ती सुचवतो. मराठी वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून आपण सर्वांनी २९सी असेच लिहावे. मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे.

ताळेबंद

योग्य सूचना आहे. पुढे २९सी असेच लिहीन.

कोपरकर

मी सनदी लेखापाल आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पक्षांवर बंधनेच नाहीत असे नव्हे. प्राप्तिकर कायद्यानुसार पक्षाला उत्पन्नावर करमाफी मिळते, पण त्यासाठी हिशेबाच्या वह्या ठेवणे, २०,००० वरच्या देणगीदाराचे नाव-पत्ता नोंदवणे, लेखापरीक्षण करून घेणे आणि विवरणपत्र मुदतीत भरणे या अटी आहेत. २०१७ च्या वित्त अधिनियमाने २,००० रुपयांहून अधिक देणगी रोखीने घेण्यास मनाई केली.

या अटी कागदावरच राहतात असेही नाही. काँग्रेस पक्षाने २०१८-१९ या कर निर्धारण वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०१८ च्या वाढीव मुदतीऐवजी २ फेब्रुवारी २०१९ रोजी भरले, आणि काही देणग्या २,००० च्या मर्यादेबाहेर रोखीने घेतल्याचे आढळले. त्यावरून सुमारे १९९ कोटी रुपयांच्या उत्पन्नावरची करमाफी नाकारण्यात आली आणि प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने जुलै २०२५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. महिनाभराच्या उशिराचा हा परिणाम आहे. मुदतीची शिस्त लावायची तर कायद्यात दात आहेत.

ताळेबंद

कोपरकर, आपण दिलेले उदाहरण बरोबर आहे, पण ती शिस्त प्राप्तिकर खात्यापुरती आहे. मतदाराला काय कळले, हा प्रश्न तिथे येतच नाही. २९सी चे पालन न केल्यास त्या कायद्याखाली जी शिक्षा आहे तीही करसवलत गमावण्याचीच आहे. पक्षाचे करपात्र उत्पन्न नगण्य असेल, तर त्याला या शिक्षेची झळ कितीशी बसणार?

मांडवी

पणजीहून लिहीत आहे. वकिली करते, म्हणून थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण या चर्चेचे एक मूळ आपल्याच उच्च न्यायालयात आहे.

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल केला आणि त्याला एका भागधारकाने आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे प्रकरण आले. तेव्हाच्या कायद्यात मनाई नसल्यामुळे न्यायालयाने बदल अडवला नाही, परंतु कंपन्यांचा पैसा अशा रीतीने राजकारणात येऊ लागला तर लोकशाहीचा श्वास कोंडू शकतो, अशी चिंता निकालात नोंदवली आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. त्यानंतरची वाटचाल पाहा. १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली, १९६९ मध्ये पूर्ण बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली आणि देणगी नफा-तोटा पत्रकात दाखवण्याची अट आली, २०१३ च्या कंपनी कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा ठरली. २०१७ मध्ये ती मर्यादाही काढली आणि कोणत्या पक्षाला दिले हे सांगण्याची अटही काढली. तोट्यातली कंपनीही वाटेल तेवढी रक्कम देऊ शकेल, अशी ती व्यवस्था होती.

बंदीच्या सोळा वर्षांत कंपन्यांचा पैसा थांबला नाही, तो दिसेनासा झाला, असे त्या काळाचा अभ्यास असणारे जवळजवळ सगळे जण सांगतात. त्यामुळे मी बंदीच्या बाजूने नाही. मी ताळेबंद यांच्या बाजूने आहे.

उंबरठा

निवडणूक रोख्यांचा, म्हणजे पक्षाला देणगी म्हणून देण्यासाठी बँकेतून विकत घ्यायच्या पत्रांचा, विषय निघणारच होता, म्हणून क्रम नीट लिहून ठेवतो.

योजना २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झाली. रोखे स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून १,००० रुपयांपासून १ कोटी रुपयांपर्यंतच्या दर्शनी मूल्यांत मिळत आणि पंधरा दिवसांत पक्षाच्या खात्यात वटवावे लागत. देणाऱ्याचे नाव बँकेला माहीत, पक्षाने ते सांगायचे नाही, आणि मतदाराने विचारायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती, म्हणजे लोकसभेचे मतदान संपेपर्यंत. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली, १४ मार्चला आयोगाने याद्या संकेतस्थळावर ठेवल्या, आणि २१ मार्चला प्रत्येक रोख्याचा क्रमांकही बाहेर आला, ज्यामुळे कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला याची जोडणी करता आली.

ताळेबंद यांच्या प्रश्नाचे उत्तर मला याच पाच आठवड्यांत सापडते. ज्या माहितीला जून उजाडेल असे सांगितले जात होते, ती मार्चमध्ये मिळाली आणि लोकांनी ती मतदानाआधी वाचली. लॉटरीच्या व्यवसायातील एका कंपनीने १,३६८ कोटींचे रोखे घेतले, भाजपला एप्रिल २०१९ नंतर सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी मिळाले, हे सामान्य मतदाराला पहिल्यांदाच कळले. वाचून मत कोणी बदलले की नाही, हा ज्याच्या त्याच्या अधिकाराचा भाग आहे. माहिती वेळेवर देता येत नाही, हे कारण मात्र आता कोणाला पुढे करता येणार नाही.

सुतळी

मी या सगळ्याच्या विरुद्ध बोलणार आहे, आणि कृपया शांतपणे वाचावे.

माझे तालुक्याच्या गावी बांधकाम साहित्याचे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी मी एका पक्षाला २५,००० रुपयांचा धनादेश दिला. उमेदवार माझ्या वर्गातला होता, प्रामाणिक होता, आणि त्याने रोख नको, धनादेशच दे असे सांगितले. पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाचा एक कार्यकर्ता माझे नाव-पत्ता असलेल्या देणगीदारांच्या यादीची छापील प्रत घेऊन दुकानात आला. तो काही बोलला नाही. त्याने कागद गल्ल्यावर ठेवला, माझ्या नावाखाली पेनाने रेघ मारलेली होती, आणि सिमेंटचा भाव विचारून निघून गेला. त्यानंतर सहा महिने ग्रामपंचायतीच्या कामाची एकही मागणी माझ्याकडे आली नाही. मी तेव्हापासून कोणालाही धनादेश दिलेला नाही.

आपण सगळे कोट्यवधींच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून बोलत आहात. यादीत माझ्यासारखे लोकही असतात.

मांडवी

सुतळी, आपण लिहिलेत ते बरे झाले, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही हाच पेच आहे. राजकीय निष्ठा हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण खासगीपणाचे हे संरक्षण धोरणावर प्रभाव टाकण्यासाठी दिलेल्या मोठ्या रकमांपर्यंत ताणता येणार नाही, आणि कंपनीची देणगी ही मुळात व्यावसायिक देवघेव असते, असा फरक त्यात केला आहे. त्या दृष्टीने २०,००० ची रेषा छोट्या देणगीदारासाठीच आहे. मात्र ही रेषा २००३ साली कायद्यात आली आणि तेव्हापासून हललेली नाही. तेव्हाचे वीस हजार आणि आजचे वीस हजार यांत फार अंतर आहे.

कोपरकर

रेषा वर न्यायची की खाली, यावरच मतभेद आहेत. निवडणूक आयोगाने २०२२ मध्ये सरकारला ती २०,००० वरून २,००० पर्यंत खाली आणण्याची आणि रोख देणग्यांवर एकूण देणग्यांच्या २० टक्के किंवा २० कोटी, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी मर्यादा घालण्याची सूचना केली होती. सुतळी यांचा अनुभव वाचल्यावर मी त्या सूचनेकडे वेगळ्या नजरेने पाहतो आहे, हे कबूल करतो.

एक तांत्रिक गोष्टही सांगतो. कलमाची शब्दरचना ‘त्या आर्थिक वर्षात कोणत्याही व्यक्तीकडून’ अशी आहे, त्यामुळे एकाच माणसाने १९,००० चे पाच धनादेश दिले तर माझ्या मते बेरीज करून नाव द्यायलाच हवे. पण १,९०० रुपयांच्या रोख पावत्यांवर नाव असण्याची सक्तीच नसेल, तर बेरीज कोणाची करणार? असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या विश्लेषणात २०२२-२३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांच्या उत्पन्नापैकी ५९.५७ टक्के उत्पन्न अज्ञात स्रोतांतून आल्याचे दिसते. त्यात मोठा वाटा रोख्यांचा होता. रोखे गेले, कूपनविक्री आणि किरकोळ देणग्या ही खाती राहिली.

रारिटनकाठ

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहतो, मूळ नाशिकचा. येथे एकूण २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्याचे नाव सार्वजनिक होते, त्यामुळे सुतळी यांनी सांगितलेली भीती येथेही लोक बोलून दाखवतात. पण ताळेबंद यांनी वेळेचा प्रश्न विचारला आहे, म्हणून ती बाजू सांगतो. येथील संसदेच्या, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या, निवडणुकीत उमेदवाराच्या समितीला मतदानाच्या बारा दिवस आधी एक विवरण द्यावे लागते, आणि शेवटच्या वीस दिवसांत १,००० डॉलर किंवा अधिक रक्कम आली तर ती ४८ तासांत कळवावी लागते. ब्रिटनमध्येही एरवी तिमाही असणारी विवरणे सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात दर आठवड्याला द्यावी लागतात.

येथे सर्व स्वच्छ आहे असा याचा अर्थ नाही. देणगीदार उघड न करणाऱ्या ना-नफा संस्थांमार्फत मोठा पैसा प्रचारात येतो आणि त्यावर येथेही वर्षानुवर्षे वाद चालू आहे. फक्त ४८ तासांत माहिती देणे अशक्य नाही, एवढेच दाखवायचे आहे.

नदीकाठ

आपल्याकडचे निवडणूक न्यास, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या घेऊन त्या पक्षांना वाटणाऱ्या संस्था, याच जातीचे आहेत का? न्यासाला आलेल्या पैशांपैकी ९५ टक्के वाटून टाकावे लागतात, देणाऱ्या कंपन्यांची यादी असते आणि घेणाऱ्या पक्षांचीही असते. पण अमुक कंपनीचे पैसे अमुक पक्षाला गेले, ही जोडणी यादीतून होत नाही.

उंबरठा

होय, आणि रोख्यांच्या बाबतीत न्यायालयाला क्रमांक स्वतंत्रपणे मागावे लागले ते याच जोडणीसाठी. न्यासांबाबतही हीच मागणी करायला हवी.

माजी कोषाध्यक्ष

मी एका पक्षाच्या तालुका शाखेचा अकरा वर्षे कोषाध्यक्ष होतो. पक्षाचे नाव लिहिणार नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही.

वरची सगळी चर्चा पक्षाच्या खात्यात आलेल्या पैशांविषयी आहे. तालुक्याच्या पातळीवर खरा पैसा खात्यात येतच नाही. सभेचा मांडव एक ठेकेदार घालून देतो आणि त्याचे देयक त्याच्याच नावावर असते. गाड्यांचे डिझेल दुसरा कोणी तरी पेट्रोलपंपावर सांगून ठेवतो, पंपावर फक्त चिठ्ठी दाखवायची. कार्यकर्त्यांची जेवणे एखाद्या मंगल कार्यालयात होतात आणि तिथे वाढदिवसाची नोंद असते. माझ्या कीर्दीत वर्षाला दीड-दोन लाखांची उलाढाल दिसे, आणि एका विधानसभा निवडणुकीच्या तीन आठवड्यांत माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या कितीतरी पट खर्च झाला. मी वहीत खोटे काही लिहिले नाही. जे वहीत आलेच नाही, ते लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, आणि या वाक्याचा आधार मी अनेक वर्षे स्वतःला दिला. आज तो आधार मला पुरत नाही, म्हणून येथे लिहितो आहे.

मांडवी

आपण मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. कायद्यात या खर्चाला नाव आहे. उमेदवाराच्या संमतीवाचून त्याच्या प्रचारावर कोणी खर्च केला तर तो गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम १७१एच खाली त्याला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होता, आणि न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये तो १०,००० रुपये झाला आहे. ज्या मांडवाचे देयक लाखांत आहे, त्याच्या मालकाला या दंडाची काय भीती वाटणार?

याहून मोठी पळवाट १९७४ सालची आहे. कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरावा असे म्हटले होते, आणि संसदेने लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ७७ ला, पक्षाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरू नये, असे स्पष्टीकरण जोडून त्यातून वाट काढली. आज महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि आमच्या गोव्यात २८ लाखांची मर्यादा आहे, लोकसभेला अनुक्रमे ९५ आणि ७५ लाख. पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा, याला मात्र मर्यादाच नाही. १९९६ च्या कॉमन कॉज निकालानंतर पक्षांना विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत खर्चाचे विवरण द्यावे लागते, तेवढीच काय ती नजर आहे.

चांदणवेल

माहितीच्या अधिकाराचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून करते. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष ही सार्वजनिक प्राधिकरणे आहेत असा आदेश दिला होता. एरवी एका प्रश्नावर एकत्र न येणाऱ्या या सहाही पक्षांनी तो पाळला नाही. मी स्वतः एका पक्षाच्या कार्यालयाला अर्ज पाठवला होता. पाकीट न फोडता परत आले, आणि ते मी अजून जपून ठेवले आहे.

सुतळी

मांडवी ताईंनी केलेला फरक मला पटला. माझ्यासारख्याचे नाव झाकले जावे आणि ठेकेदाराचा मांडव उघड व्हावा, असे काही होणार असेल तर माझी हरकत नाही. आज याच्या नेमके उलट चालले आहे. ज्याने धनादेश दिला त्याचे नाव यादीत आहे, ज्याने मांडव घातला त्याचे कुठेच नाही.

ताळेबंद

सुतळी, आपल्या शेवटच्या वाक्याने माझ्या प्रश्नाची दिशा बदलली. मी वेळापत्रकावर अडून बसले होते. आता माझे मत असे झाले आहे की व्यक्तीसाठी २०,००० ची रेषा वर न्यावी, कंपन्या आणि न्यास यांच्यासाठी रेषाच नसावी, आणि आचारसंहिता लागल्यापासून मतदानापर्यंत आलेली मोठी रक्कम आठवड्याच्या आत जाहीर करावी. वस्तुरूपाने दिलेला मांडव आणि डिझेल यांचीही किंमत धरून ती त्याच यादीत यावी.

कायदा बदलेपर्यंत आपल्याला काय करता येईल, तेही शोधले. उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे तो हिशेब कोणीही एक रुपया शुल्क भरून पाहू शकतो. मी सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात २०२४ च्या विधानसभेच्या आमच्या मतदारसंघाचे हिशेब मागणार आहे.

कोपरकर

नक्कलही मागा. आकड्यांची तपासणी करायला मी मदत करीन.

माजी कोषाध्यक्ष

ताई, हिशेबाबरोबर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने निवडणुकीआधी ठरवून दिलेली दरपत्रिकाही मागा. त्यात खुर्चीचे भाडे, मांडवाचा दर, गाडीचे दिवसाचे भाडे, चहा आणि जेवणाचे दर असे सगळे असते. मग तालुक्यातल्या सभांच्या तारखा वर्तमानपत्रांतून काढा आणि प्रत्येक सभेसमोर खुर्च्या किती दाखवल्या आहेत ते पाहा. सुरुवात मैदानावरच्या मोठ्या सभांपासून करा. कोणत्या मैदानात किती खुर्च्या मावतात, ते मी तुम्हाला सांगतो.